वॉशिंग मशीन आवाज करतंय? घरच्या घरी दोष शोधणं आणि दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन खूप आवाज करतंय. सुरुवात कुठून करायची?

स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि आधी ऐका. आवाज कसला आहे हे महत्त्वाचंच, पण तो नेमका कधी येतो यावरून दोष जास्त लवकर सापडतो. मशीनची कामं चारच: पाणी भरणं, कपडे घोळवणं, पाणी बाहेर टाकणं आणि पिळणं. प्रत्येक वेळी वेगळा भाग राबत असतो. पाणी भरताना ड्रम बहुतेक वेळ उभा असतो, म्हणून तेव्हाचा आवाज व्हॉल्व्हचा किंवा नळाच्या पाइपचा. पाणी बाहेर जाताना घरघर झाली तर पंप. घोळवताना टकटक किंवा खरखर आली तर पल्सेटर (टॉप लोडच्या तळाची फिरती चकती), गिअर, बेल्ट किंवा आत शिरलेलं नाणं. आणि फक्त पिळताना येणारा, वेगाबरोबर चढत जाणारा आवाज म्हणजे बेअरिंग (ज्यात ड्रमचा दांडा फिरतो ती छर्ऱ्यांची कडी), सस्पेन्शन (टब पेलणाऱ्या स्प्रिंगा आणि रॉड) नाहीतर एका बाजूला गोळा झालेले कपडे.

यानंतर कपडे काढून मशीन रिकामं करा आणि नुसतं स्पिन लावा. रिकाम्या मशीनचा आवाज गेला, तर गडबड कपड्यांच्या वजनात, पायांत किंवा सस्पेन्शनमध्ये आहे. रिकामं असूनही तसाच आवाज येत असेल, तर बेअरिंग, बेल्ट, मोटर किंवा अडकलेली वस्तू. एवढ्यानेच निम्मे भाग यादीतून बाद होतात. शेवटी प्लग काढून ड्रम हाताने फिरवून बघा. मशीन बंद असताना हाताला जे जाणवतं, ते चालू असताना कानाला कळत नाही.

कुठले आवाज अगदी नेहमीचे असतात?

टॉप लोडमध्ये घोळवणं संपून पिळणं सुरू होताना येणारा ‘खट्’ हा क्लच बदलल्याचा आवाज आहे. टॉप लोडचा रिकामा टब हाताने फिरवला की वरच्या कड्यात पाणी हिंदकळल्यासारखं वाटतं. ते तोल सांभाळण्यासाठी कारखान्यातच भरून बंद केलेलं मिठाचं पाणी असतं, गळती नव्हे. इन्व्हर्टर मोटरची बारीक शीळ, फ्रंट लोडच्या दाराच्या लॉकची टकटक, सेमी ऑटोमॅटिकच्या टायमरची टिकटिक, पाणी संपल्यावर पंपाने हवा ओढताना होणारी खळखळ, हे सगळं ठीक. नवं मशीन आल्यावर पहिले आठ दिवस हे आवाज नीट ऐकून ठेवले, तर पुढे बिघाड चटकन लक्षात येतो.

मशीन उघडण्याआधी काय काळजी घ्यायची?

नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग उपसून काढा. नळ बंद करा. वॉरंटी चालू असेल तर मागचं झाकण उघडूच नका.

सेमी ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोडमध्ये मोटरचा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. त्याच्या दोन टोकांना होल्डरमधल्या १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या वायरी क्षणभर लावल्या की तो रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय बऱ्याच जणांना असते. त्यात कपॅसिटरही बिघडतो आणि हातही भाजतो.

मशीनच्या पत्र्याच्या आतल्या कडा ब्लेडसारख्या असतात, तेव्हा जाड हातमोजे घाला. फ्रंट लोडमध्ये काँक्रीटचे ठोकळे असतात. वजन ६०–७० किलोच्या घरात जातं, म्हणून आडवं करायला दोन माणसं हवीत. कुठलीही वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. हत्यारं फार लागत नाहीत: ८, १०, १३ नंबरचे पाने, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, पसरट थाळी आणि जुनी फडकी.

नवं फ्रंट लोड पहिल्याच स्पिनला धडधडत जागेवरून सरकलं. मशीन खराब आलं का?

बहुतेक वेळा नाही. मागच्या बाजूला तीन किंवा चार लांब बोल्ट राहिलेले असतात. वाहतुकीत टब (ड्रमभोवतीचं बाहेरचं भांडं) हलू नये म्हणून ते कारखान्यात घट्ट बसवतात. ते असेपर्यंत स्प्रिंगा काम करत नाहीत आणि टबचा सगळा धक्का थेट पत्र्याला बसतो. १० किंवा १३ नंबरच्या पान्याने बोल्ट सैल करा, रबर आणि प्लॅस्टिकच्या बाहीसकट ओढून काढा आणि भोकांना सोबत आलेली टोपणं लावा. बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा. घर बदलताना ते पुन्हा लावावे लागतात आणि तेव्हाच नेमके सापडत नाहीत.

मशीन नेहमीच्या जागेवर आहे, तरी पिळताना थयथयाट करतं. काय बघायचं?

फरशीचा उतार. आपल्याकडे मशीन बाथरूममध्ये, मोरीशेजारी किंवा ड्राय बाल्कनीत असतं आणि या तिन्ही जागांना पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. मशीन डोळ्यांना सरळ दिसतं, प्रत्यक्षात त्याचा एक पाय अधांतरी असतो.

मशीनच्या वर दोन्ही हात ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डगडगलं तर ज्या कोपऱ्यातला पाय उचलला जातोय तो पाय फिरवून लांब करा. मग स्पिरिट लेव्हल आधी आडवी, मग उभी ठेवा. लेव्हल नसेल तर काठोकाठ भरलेली वाटी चालते, पाणी कुठल्या बाजूने सांडतं ते कळतं. पाय जमला की त्यावरचा चपटा नट मशीनच्या तळाकडे घट्ट आवळा. हा नट सैल राहिला तर चार-सहा धुण्यांत पाय आपोआप फिरतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बऱ्याच टॉप लोडमध्ये दोनच पाय फिरतात, मागचे पक्के असतात. तिथे मागच्या पायाखाली टाइलचा पातळ तुकडा किंवा कडक रबर सरकवा. पुठ्ठा नको, तो भिजतो आणि दबतो.

चाकांच्या प्लॅस्टिक स्टँडबद्दल स्पष्टच सांगायचं तर फ्रंट लोडखाली तो नकोच. झाडायला सोय होते खरी, पण अख्खं मशीन चार चाकांवर नाचतं. स्टँड हवाच असेल तर बिनचाकांचा, लोखंडी, रुंद पायांचा घ्या.

लेव्हल बरोबर आहे. तरी एखाद्याच दिवशी धडाधड आवाज येतो, एरवी नाही.

मग कपडेच बघा. मिनिटाला १२०० फेऱ्यांवर फ्रंट लोडचा ड्रम सेकंदाला २० वेळा फिरतो. ड्रमची त्रिज्या २४–२५ सेंटिमीटर धरली तर कडेला असलेल्या वस्तूला तिच्या वजनाच्या जवळपास ४०० पट ओढ बसते. म्हणजे एका बाजूला १०० ग्रॅम जास्त झाले की ते ४० किलोंसारखे खेचतात. म्हणूनच मशीन आधी कमी वेगात कपडे उलगडायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करतं आणि नाही जमलं की वेगच घेत नाही. मशीन ‘अडकलंय’ असं वाटतं, पण ते शहाणपणाने थांबलेलं असतं.

एकटी जाड चादर, एकटं पायपुसणं किंवा एकच जीन्स कधी पिळू नका, सोबत दोन टॉवेल टाका. दुलईच्या अभ्र्याची तोंडं बटणं लावून बंद करा, नाहीतर बाकीचे कपडे त्याच्या पोटात जाऊन गोळा होतो. नऊवारी किंवा लांब ओढणी जाळीच्या पिशवीत घाला.

पावसाळ्यातली एक चूक मात्र धोक्याची आहे. रेनकोट, मेणकापड, गाडीचं कव्हर, पाणी न झिरपणारी गादीची खोळ यांतलं काहीही स्पिनमध्ये टाकू नका. कापडाच्या घडीत पाणी कोंडून राहतं, वेग वाढल्यावर एकदम निसटतं आणि तोल क्षणात जातो. टब कॅबिनेटवर आदळून मशीन फुटू शकतं.

फ्रंट लोड पिळताना विमान उडाल्यासारखं घोंघावतं. बेअरिंग गेलं का?

शक्यता तीच जास्त. खात्री करून घ्यायच्या तीन पायऱ्या आहेत.

प्लग काढून दार उघडा आणि ड्रम हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग असलेला ड्रम गुळगुळीत फिरतो. खराब झालेला असेल तर जात्यावर दळल्यासारखी खरखर येते आणि ती हाताला कानापेक्षा आधी कळते. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रमबरोबर बाहेरचा टबही एकत्र डुलला तर ठीक, ते स्प्रिंगांचं काम. ड्रम एकटाच आत खुळखुळला, ‘कट् कट्’ झालं, तर बेअरिंगमध्ये खेळ आलाय. शेवटी मागचं झाकण काढून पुलीच्या मागे टॉर्च मारा. टबच्या मध्यापासून खाली तपकिरी ओघळ दिसला तर निकाल लागला.

तो ओघळच खरं कारण सांगतो. बेअरिंग सहसा झिजून जात नाही, पाण्याने जातं. ड्रम आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक रबरी ऑइल सील असतं. त्याची ओठासारखी कड झिजली की साबणाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन काढतं आणि छर्रे गंजतात. म्हणून नुसतं बेअरिंग बदलून जुनंच सील ठेवणारी दुरुस्ती टिकत नाही.

बेअरिंग घरी बदलता येतं का?

येतं, पण रविवार अख्खा जातो. शिवाय आधी एक गोष्ट बघा: टबचे दोन भाग स्क्रूने जोडलेत की कारखान्यातच चिकटवून बंद केलेत? कडेने स्क्रूंची रांग दिसली तर टब उघडतो. शिवण सलग असेल तर अख्खी टब असेंब्ली बदलावी लागते. काही कारागीर असा टब करवतीने कापतात आणि नंतर सिलिकॉन व स्क्रूने जोडतात. काम चांगलं झालं तर चालतंही, पण हा प्रयोग पहिल्या फटक्यात घरी करू नये.

उघडणारा टब असेल तर क्रम असा: वरचं झाकण, मागचं झाकण, बेल्ट, पुली, पुढचा पत्रा, दाराच्या रबराची तार, काँक्रीटचे ठोकळे, पाइप आणि वायरी, खालच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या पिना. मग दोघांनी मिळून टब स्प्रिंगांवरून उचलायचा. टब उघडल्यावर शाफ्टवर, म्हणजे ड्रमच्या दांड्यावर, हातोडी थेट मारू नका. पुलीचा बोल्ट त्यात अर्धा परत लावून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका, नाहीतर आटे जातात.

जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसून वाचा. घरगुती मशीनमध्ये ६२०४, ६२०५, ६२०६ यांच्या जोड्या बऱ्याचदा असतात. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे ६२०५ ला २५ आणि ६२०६ ला ३०. दुकानात हे मोजून घ्या. दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदला. नावाजलेल्या कंपनीचं बेअरिंग ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या. नकली बेअरिंगचा डबा अस्सलपेक्षा देखणा असतो.

बसवण्याआधी शाफ्टवर सील टेकतं त्या जागी नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार आणि शाफ्टसकट स्पायडर (ड्रमला मागून पेलणारी चौकट) बदलावा लागणार. जागा गुळगुळीत असेल तर पुढे जा. नवं बेअरिंग अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं की किंचित आकसतं. बसवताना ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर, तोही जुन्या बेअरिंगचं कडं मध्ये ठेवून. आतल्या कड्यावर ठोकलं तर नवे छर्रे तिथेच दुखावतात. बेअरिंग तळाला टेकलं की ठोक्याचा बद्द आवाज बदलून खणखणीत होतो, तिथे थांबा. सीलच्या ओठावर पाण्याने न निघणारं ग्रीस बोटाने भरा आणि मगच ड्रम घाला.

स्पायडर म्हणजे काय? मेकॅनिक म्हणतो तो तुटलाय.

ड्रमच्या मागे असलेली अ‍ॅल्युमिनियमची तीन फाट्यांची चौकट. तिच्यावरच ड्रम पेललेला असतो. स्टीलच्या ड्रमला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम साबणाच्या क्षारयुक्त पाण्यात हळूहळू खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरतं आणि एक दिवस फाटा तडकतो. ड्रम फिरवताना त्याची कड आणि दाराचं रबर यांतली फट कमी-जास्त होत असेल तर संशय घ्या. हा दोष पक्का झाला की मशीन एकदाही चालवू नका, तुटलेला फाटा टब फोडतो. धुऊन झाल्यावर दार आणि साबणाचा खण उघडे ठेवले आणि पावडर बेताची घातली, तर स्पायडरचं आयुष्य वाढतं. समुद्राकाठच्या घरांत तर हे पाळाच.

पाणी बाहेर टाकताना घरघर, मध्येच ‘कर्र’ असा आवाज येतो.

पंपात काहीतरी अडकलंय. फ्रंट लोडच्या पुढे खाली, बहुधा उजवीकडे, छोटी खिडकी असते. थाळी आणि फडकी ठेवा. बारीक नळी असेल तर तिने पाणी काढा, नाहीतर फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने थोडाथोडा सैल करत एक-दोन लिटर पाणी येऊ द्या. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर आधी निवू द्या. आत नाणी, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हुक, केसांचा गुंता, लहान मुलांचे मोजे असा ऐवज निघतो.

फिल्टर काढल्यावर टॉर्चने आतला पंखा बघा आणि बोटाने फिरवा. तो अडखळत, झटक्याझटक्याने फिरतो. आत चुंबक आहे, त्यामुळे तसंच व्हायला हवं. पंखा डगमगत असेल, पाती तुटली असतील किंवा काही न अडकताही घरघर येत असेल, तर पंप बदला. दोन वायरी, दोन नळ्या आणि दोन-चार स्क्रू एवढंच काम आहे.

हाताने कपडे धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली तरी पंप कुरकुरतो. पंप फेस उपसू शकत नाही, नुसती हवा घुसळत बसतो.

ड्रम फिरताना काहीतरी खरवडतंय, ठराविक लयीत.

आधी दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून पूर्ण गोल फिरवा. तिथे काही नसेल तर वस्तू ड्रम आणि टब यांच्यामध्ये गेलीय. ब्राची तार हा नेहमीचा आरोपी, ती ड्रमच्या छिद्रातून डोकं बाहेर काढते आणि टबला खरवडते. दिसली तर पकडीने ओढा. नाही दिसली तर पाणी गरम करणारा हीटर काढून त्याच्या भोकातून वस्तू काढता येते. टबमधलं पाणी पूर्ण काढा, हीटरच्या वायरी सोडवा, मधला नट सैल करून बोल्ट आत ढकला म्हणजे रबर आकसतं आणि हीटर बाहेर येतो. परत लावताना त्याचं टोक आतल्या पकडीतच गेलंय याची खात्री करा, नाहीतर हीटर ड्रमला घासेल.

बोअरच्या पाण्याच्या गावात हीटरवर चुन्यासारखा जाड थर दिसेल. पाणी तापताना येणारी चुरचुर त्याचीच असते. १०० ग्रॅम लिंबूसत्त्व रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर एकदा मशीन चालवलं की बराचसा थर सुटतो.

सुरू होताना चीं चीं आणि रबर जळाल्याचा वास येतो.

बेल्ट घसरतोय. टॉप लोड आणि सेमीमध्ये व्ही आकाराचा बेल्ट असतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबायला हवा. जास्त दबत असेल तर मोटरचे बोल्ट सैल करून मोटर खाचेत मागे सरकवा आणि पुन्हा आवळा. बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा पडल्या असतील किंवा तो चकाकत असेल तर बदला. फ्रंट लोडचा बेल्ट चपटा, बारीक रेषांचा असतो. त्यावर ‘१२७० जे ५’ असं काही छापलेलं असेल तर लांबी १२७० मिलिमीटर आणि रेषा पाच. तोच नंबर घ्या, ‘जवळपासचा’ नको.

बेल्ट काढल्यावर एक चाचणी फुकटात होते. ड्रम एकटा फिरवा, मग मोटर एकटी फिरवा. खरखर ज्याच्याकडे राहिली, दोष त्याचा.

फ्रंट लोडच्या मोटरमधून खर्र खर्र आणि ठिणग्या.

मोटरचे कार्बन, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे, संपत आलेत. इन्व्हर्टर मोटरला ते नसतात, जुन्या बेल्टच्या मोटरला दोन असतात. एक सेंटिमीटरच्या आसपास उरले की जोडीने बदला. नवे कार्बन पहिली चार-पाच धुणी थोडे खरखरतात, मग बसतात.

टॉप लोडचा टब पिळताना चारी बाजूंना आपटतो. लेव्हल केली, कपडे पसरले, फरक नाही.

सस्पेन्शनचे रॉड बघा. टॉप लोडचा टब कॅबिनेटच्या चार कोपऱ्यांतून चार रॉडवर टांगलेला असतो, प्रत्येकाच्या खालच्या टोकाला स्प्रिंग आणि प्लॅस्टिकची वाटी. रिकामा टब दोन्ही हातांनी खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर रॉड चांगले. पाळण्यासारखा दोन-तीन वेळा हेलकावला तर वाट्या झिजल्यात. टब एका कोपऱ्यात कललेला दिसला तर तिथला रॉड निसटलाय किंवा स्प्रिंग बसलीय.

इथे एक गैरसमज घट्ट बसलाय, की रॉड कोरडे पडले म्हणून आवाज येतो, तेल सोडा. उलट आहे. त्या वाटीतलं घर्षणच टबचा हेलकावा मारतं. तिथे मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे गेला की घर्षण संपतं आणि टब मोकाट सुटतो. आतलं ग्रीसही खास चिकट जातीचं असतं, साधं पिवळं ग्रीस चालत नाही.

रॉड चारही एकदम बदला. वरचं झाकण उघडून एकाने टब वर उचलून धरायचा, दुसऱ्याने रॉडचं वरचं टोक कोपऱ्यातल्या खोबणीतून काढायचं, मग खालचं टोक टबच्या कानातून सोडवायचं. एक काढा, एक लावा, मग तिरपा समोरचा. काही मॉडेलमध्ये पुढचे आणि मागचे रॉड वेगळ्या ताकदीचे असतात आणि रंगाने ओळखता येतात. ते उलटसुलट झाले तर टब कायम कललेला राहतो. जुना रॉड दुकानात घेऊन जा, लांबी लावून बघा.

फ्रंट लोडमध्ये हेच काम वरच्या स्प्रिंगा आणि खालचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर करतात. एक सोडवून हाताने ओढा. सारखा विरोध लागला पाहिजे. हवा नसलेल्या सायकलच्या पंपासारखा सहज सरकला तर जोडी बदला. फक्त जास्त वेगात ठण ठण येत असेल तर काँक्रीटच्या ठोकळ्याचे बोल्ट आधी आवळून बघा. कितीदा तरी दुरुस्ती तेवढीच असते.

टॉप लोड घोळवताना टकटक करतं, पिळताना गप्प.

पल्सेटरखाली काहीतरी आहे. मधलं टोपण काढा, फुलीचा स्क्रू सोडवा आणि पल्सेटर सरळ वर ओढा. घट्ट बसला असेल तर कडेखालून नायलॉनची दोरी दोन बाजूंनी घालून वर खेचा, वर गरम पाणी ओता. स्क्रूड्रायव्हरने कड उचकटली तर प्लॅस्टिक तुटतं. खाली नाणी आणि पिना मिळतील, साबणाची राडही. पल्सेटरच्या मधले दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तर तो शाफ्टवर घसरतो आणि टकटकतो, तेव्हा नवा पल्सेटर. दाते चांगले, खाली काही नाही, तरी खडखड येत असेल तर गिअर-क्लचचा संच गेलाय. त्याला खास पाना आणि सवयीचा हात लागतो, तिथे मेकॅनिकच बोलवा.

सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर घासल्यासारखा आवाज करतो.

ड्रायरचं झाकण लावलं की एक वायर ब्रेक ओढून मोटरपासून दूर करते. वायर ताणून सैल झाली की ब्रेक पूर्ण सुटत नाही, घासत राहतो आणि वासही येतो. मागचं झाकण काढून वायर एका खाचेने आवळा. पण नंतर चालू ड्रायरचं झाकण उघडून तो काही सेकंदांत थांबतो ना, हे नक्की बघा. थांबत नसेल तर वायर जास्त आवळली गेलीय.

घासणं नसून खडखड असेल तर मोटर आणि ड्रायरचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल झालेत. ड्रायर डबा सोडून बाजूला आपटत असेल तर मोटरखालचे तीन रबरी-स्प्रिंगचे पाय बघा. तिथे गंज आणि ओल असेल तर वरचं रबरी सील फाटलंय आणि पाणी मोटरवर पडतंय, आधी ते बदला. आणि कपड्यांवर ठेवायची प्लॅस्टिकची चकती दर वेळी ठेवा. बहुतेक घरांत ती कपाटावर पडलेली असते.

मोटर नुसती ‘हूं’ करते, फिरत नाही.

हाताने ढकलल्यावर फिरली तर कपॅसिटर कमजोर आहे. त्याच्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टचा नवा लावा, ‘थोडा मोठा बसवू’ असं करू नका. हाताने ढकलूनही जड जात असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक जाम आहे. संध्याकाळीच असं होत असेल तर व्होल्टेज मोजा. २३० ऐवजी १८० मिळत असतील तर मोटर गुणगुणते आणि तापते. घरच्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंप आणि मोटर दोन्ही कर्कश होतात, त्यावर मशीन लावूच नये.

पाणी भरताना गुंग आवाज येतो आणि शेवटी भिंतीत ‘ठक्’.

गुंग येतो तो व्हॉल्व्हचा. पाण्याचा पाइप मशीनमागून सोडवा आणि आतली छोटी जाळी पकडीने काढून जुन्या टूथब्रशने धुवा. टँकरच्या पाण्यात ती महिन्या-दोन महिन्यांनी भरते. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली मशीन असेल तर दाबच कमी असतो: ३ मीटर उंचीला जेमतेम ०.३ बार. त्याला जाळी धुऊन उपाय नाही. शेवटचा ‘ठक्’ वाहतं पाणी एकदम अडल्याचा. नळ थोडा कमी उघडा आणि मोकळा पाइप क्लिपने भिंतीला पक्का करा.

उंदीर?

हो, तेही. एका रात्रीत नवा आवाज आला, किंवा आवाजच बंद झाला, तर तळातून बघा. बेल्ट आणि वायरी कुरतडलेल्या सापडतील. तळाला जाळी किंवा ट्रे बसवून घ्या.

खालचे शेजारी तक्रार करतात. रबरी पॅड लावले तर भागेल?

मशीन निरोगी असेल तर कडक रबराच्या पॅडने फरक पडतो. बेअरिंग किंवा रॉड गेले असतील तर पॅड दोष लपवतो. मऊ स्पंजचे जाड पॅड फ्रंट लोडखाली नकोतच. रात्री स्पिनचा वेग १२०० वरून ८०० केला तर कपडे थोडे ओलसर निघतील, पण शेजारी झोपतील.

मशीन जुनं आहे. दुरुस्ती करायची की बदलायचं?

पंप, बेल्ट, रॉड, कपॅसिटर, कार्बन, पल्सेटर यांसाठी मशीन कितीही जुनं असलं तरी दुरुस्ती परवडते. टब असेंब्ली किंवा स्पायडर आणि बेअरिंग असा एकत्र खर्च नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जात असेल आणि पत्राही गंजला असेल, तर थांबा.

मेकॅनिकला फोनवर काय सांगायचं?

‘आवाज येतो’ एवढंच सांगितलं तर तो हात हलवत येतो आणि पार्ट आणायला परत जातो. मॉडेल नंबर दाराच्या कडेच्या किंवा मागच्या स्टिकरवरून वाचून सांगा. मग असं सांगा: ‘फ्रंट लोड आहे. रिकामं असतानाही पिळताना घोंघावतं, वेगाबरोबर वाढतं. ड्रम वर-खाली केला की एकटाच खुळखुळतो, मागे तपकिरी ओघळ आहे.’ तो बेअरिंग आणि सील घेऊनच येईल. काम झाल्यावर काढलेला जुना पार्ट तुमच्याकडेच ठेवून घ्या आणि मशीन रिकामं, पूर्ण वेगात, त्याच्यासमोरच पिळून बघा.